डोळे ओले झाल्यानंतर

चित्रपटाची शिफारस करण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत आहे. ‘अवश्य पाहा, डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय राहणार नाही,’ असे एक जण सांगतो. ‘त्यातून फार मोठा संदेश मिळतो,’ असे दुसरा बजावतो. घरातील वडीलधारी मंडळी, शिक्षक, वृत्तपत्रांतील परीक्षक या साऱ्यांच्या तोंडी ही वाक्ये इतकी रुळली आहेत, की ती तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. चित्रपटाने रडवले की तो हृदयस्पर्शी आणि त्याचे तात्पर्य एका ओळीत सांगता आले की तो बोधप्रद, असा हा सोपा हिशेब आहे. जगातील खरोखर थोर चित्रपटांना मात्र तो लागू पडत नाही.

रडू येणे ही तशी फारशी दुर्मीळ गोष्ट नव्हे. आईपासून ताटातूट झालेले मूल, रुग्णालयातील खाट, बाहेर कोसळणारा पाऊस आणि मागे व्हायोलिनचे करुण सूर एवढे साहित्य जमले, की सामान्य कुवतीचा दिग्दर्शकही प्रेक्षकाला रुमाल काढायला लावू शकतो. ते अश्रू खोटे नसतात. पण चित्रपटगृहाबाहेर पडेपर्यंत ते वाळलेलेही असतात. उलट, रडून घेतल्यामुळे मन हलके होते, आपण सहृदय आहोत अशी खात्री पटते आणि ज्या दुःखासाठी डोळे भरून आले त्याच्याशी आपले देणेघेणे संपल्यासारखे वाटते. अश्रू ही अशा वेळी ऋण फेडल्याची पावती ठरते. म्हणून चित्रपट किती खोल गेला हे डोळे ओले झाले त्या क्षणी कळत नाही. ते त्यानंतरच्या दिवसांत कळते.

हीच गोष्ट अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाने 1952 साली ‘इकिरू’ या चित्रपटात दाखवून ठेवली आहे. ‘इकिरू’ म्हणजे ‘जगणे’. नगरपालिकेच्या कचेरीत तीस वर्षे शिक्के मारण्यात घालवलेला वातानाबे नावाचा एक अधिकारी या कथेचा नायक आहे. आपल्या वस्तीतील सांडपाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांना खेळायला जागा करून द्यावी, असा अर्ज घेऊन काही स्त्रिया त्याच्या कचेरीत येतात. त्यांना या खात्यातून त्या खात्यात, त्या खात्यातून तिसऱ्या खात्यात असे फिरवून पुन्हा पहिल्याच खिडकीशी आणून सोडले जाते. भारतीय प्रेक्षकाला हा प्रसंग पाहताना जपानी भाषा येत नसल्याची अडचण मुळीच जाणवणार नाही! पुढे वातानाबेला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. उरलेले थोडे महिने कसे घालवावेत याचा शोध घेता घेता त्याला तो अर्ज आठवतो आणि मरण्यापूर्वी तो त्या डबक्याच्या जागी बालोद्यान उभे करतो.

सामान्य चित्रपट येथे संपला असता. बर्फ पडत असलेल्या रात्री त्याच उद्यानातील झोपाळ्यावर बसलेला वातानाबे दाखवायचा आणि पडदा पाडायचा. कुरोसावा मात्र नायकाला मध्येच मारतो आणि चित्रपटाचा उत्तरार्ध त्याच्या मृत्यूनंतर घरी जमलेल्या सहकाऱ्यांना देऊन टाकतो. प्रथम ते उद्यानाचे श्रेय त्याला द्यायलाच तयार नसतात. मग मद्याबरोबर आठवणी वाहू लागतात, कोडे उलगडते, सारे गहिवरतात आणि आपणही उद्यापासून असेच काम करू अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा एक अर्ज येतो आणि तो नेहमीप्रमाणे दुसऱ्या खात्याकडे धाडला जातो. एक तरुण कारकून संतापून उठून उभा राहतो, इतरांच्या नजरा पाहतो आणि कागदांच्या ढिगाऱ्याआड पुन्हा बसतो. आदल्या रात्री रडलेली ती माणसे म्हणजे चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षकच होय. दिग्दर्शकाने आपल्याच चित्रपटाच्या परिणामाविषयी एवढी निर्मम शंका चित्रपटाच्या आत मांडून ठेवावी, हे धैर्य असाधारण आहे. संदेश ऐकून भारावलेल्या माणसांचे पुढे काय होते, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने ‘इकिरू’चा हा उत्तरार्ध आवर्जून पाहावा.

याचा अर्थ चित्रपटाने उपदेश करूच नये, असा मात्र नाही. मराठीतच याचे ठळक उदाहरण आहे. आचार्य अत्रे यांनी 1953 साली साने गुरुजींच्या पुस्तकावरून काढलेला ‘श्यामची आई’ हा तर उघड उघड संस्कारांचा चित्रपट. 1954 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. त्यातील आई मुलाला शिकवण देते, समजावते, प्रसंगी शिक्षाही करते. पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला ती मनाच्या स्वच्छतेची आठवण करून देते, हा प्रसंग तर मराठी घरांत म्हणीसारखा सांगितला जातो. एवढा उपदेश असूनही हा चित्रपट कोरडा का वाटत नाही? कारण ज्या घरात हा उपदेश चालतो ते घर डोळ्यांदेखत खचत असते. कर्ज वाढते, अब्रू जाते, आईची प्रकृती ढासळते. चांगुलपणाने वागणाऱ्या या बाईला चांगुलपणाचे कोणतेही बक्षीस मिळत नाही. तिच्या शब्दांना वजन येते ते तिने मोजलेल्या किमतीमुळे. पुष्कळ शिक्षक आणि पालक या चित्रपटातील नेमके वाक्य उचलतात आणि किंमत विसरतात; मग ‘श्यामची आई’ म्हणजे मुलांना गप्प बसवण्याचे एक साधन होऊन बसते. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हेही अशा वेळी कोणाला आठवत नाही.

‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्कृष्ट ठरण्याचा मान मराठी चित्रपटाला पुन्हा मिळायला पन्नास वर्षे लागली. तो मान संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ने मिळवला. 2004 साली पडद्यावर आलेला हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला आहे आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तो पाठवला गेला. त्याचे कथानक अगदी थोडे आहे. कोकणातील एका खेड्यात राहणाऱ्या परशुराम नावाच्या लहान मुलाला दिसेनासे होऊ लागते. आजोबा त्याला शहरातील रुग्णालयात घेऊन येतात. तपासणीत डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग निघतो. जीव वाचवायचा असेल तर डोळे काढावे लागतील, दुसरा उपाय नाही, असे डॉक्टर सांगतात. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी त्या मुलाला याची कल्पना दिली गेली पाहिजे, असाही त्यांचा आग्रह असतो.

‘इकिरू’तील डॉक्टर रोग्याला खरे सांगत नाही, साधा व्रण आहे म्हणून वेळ मारून नेतो. ‘श्वास’मधील डॉक्टर खरे सांगण्याचा आग्रह धरतो, आणि सांगायचे कोणी, कोणत्या शब्दांत, हा प्रश्न आजोबांच्या पुढ्यात येऊन पडतो. अंध होणे म्हणजे काय, हे लहान मुलाला कसे समजावयाचे? ‘उद्यापासून तुला दिसणार नाही’ हे वाक्य मराठीत उच्चारायला सोपे आहे. पण अरुण नलावडे यांनी साकारलेले आजोबा ते कितीतरी वेळ घशात धरून वावरतात. त्या अवघड मौनातच या चित्रपटाचा प्राण आहे.

शस्त्रक्रिया लांबणीवर पडते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. इकडे धावपळ उडते, डॉक्टर संतापतात. नियमांच्या दृष्टीने पाहता त्यांचा संताप योग्यच आहे. आजोबा मात्र त्या वेळात एकच काम करीत असतात: नातवाला शहर दाखवीत असतात. दृष्टी आहे तोवर जितके साठवता येईल तितके त्याच्या डोळ्यांत साठवून घेत असतात. हा वेडेपणा आहे की शहाणपण? चित्रपट निवाडा देत नाही. डॉक्टरही बरोबर आहेत आणि आजोबाही. वैद्यकशास्त्र जीव वाचवते, तो जीव घेऊन पुढे जगायचे कसे हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. ते काम एका खेडवळ, भांबावलेल्या म्हाताऱ्याने आपल्या परीने केले. त्यानंतर परशुराम होडीतून आपल्या गावी परततो. त्याला आता ते गाव दिसणार नाही, प्रेक्षकाला मात्र दिसते. चित्रपटाच्या सुरुवातीला तो हिरवा किनारा प्रेक्षकाने सहज पाहून सोडून दिलेला असतो. या वेळी तसे करणे त्याला जमत नाही.

‘श्वास’चा संदेश काय, असे विचारल्यास ‘संकटांना धैर्याने सामोरे जा’ असे उत्तर हमखास मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, पण शेकडो चित्रपटांना ते चालेल. त्यासाठी ‘श्वास’ पाहण्याचे कारण नाही. या चित्रपटाने विचारलेला प्रश्न अधिक टोकदार आहे: ज्याच्या शरीराविषयी निर्णय घ्यायचा, त्याला तो लहान आहे, अडाणी आहे, गरीब आहे म्हणून अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे का? आपल्या रुग्णालयांत, घरांत आणि शाळांतही हा प्रश्न रोज उपस्थित होतो. जाता जाता एक व्यावहारिक गोष्टही नमूद करायला हवी. या रोगात पुष्कळदा मुलाच्या बाहुलीत पांढुरकी चमक दिसते, कधी ती छायाचित्रातही उमटते. रोग लवकर ओळखला गेला तर जीव वाचतोच, शिवाय कित्येकदा डोळाही राखता येतो. आजोबांची वणवण पाहिलेला प्रेक्षक एखाद्या बाळाच्या डोळ्यातील अशी चमक ‘काही नसेल’ म्हणून सोडून देणार नाही, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

गरिबीवरील चित्रपटांची तर याहून मोठी फसगत होते. व्हित्तोरिओ दे सिका या इटालियन दिग्दर्शकाचा 1948 सालचा ‘बायसिकल थीव्हज’ जगभर नावाजला गेला; पण त्याचे वर्णन बहुधा ‘गरिबीचे हृदयद्रावक चित्रण’ एवढ्यावर आटोपते. महायुद्धानंतरचे रोम शहर. अंतोनिओ या बेकार माणसाला भिंतींवर जाहिरातपत्रके चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. सायकल गहाण पडलेली असते. ती सोडवण्यासाठी त्याची बायको घरातील चादरी गहाण टाकते. येथे दिग्दर्शक एक विलक्षण गोष्ट दाखवतो. सावकारी पेढीतला माणूस ते चादरींचे गाठोडे घेऊन शिडीवर चढत जातो आणि छतापर्यंत रचलेल्या तशाच असंख्य गाठोड्यांत ठेवून देतो. एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला उमगते, की चादरीवाचून झोपणारे हे एकच कुटुंब नाही. अख्खे शहर तसे झोपते आहे. चित्रपटाची भाषा म्हणतात ती हीच.

कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. अंतोनिओ आपल्या लहानग्या ब्रुनोला घेऊन शहरभर वणवण करतो. चोर सापडतो, पण तोही असाच दरिद्री असतो आणि पुरावा काहीच नसतो. अखेर हताश बाप दुसऱ्याची सायकल घेऊन पळू पाहतो, लगेच पकडला जातो आणि जमाव त्याला मुलादेखत चोपतो. सायकलीचा मालक रडणाऱ्या मुलाकडे पाहतो आणि तक्रार न करता बापाला सोडून देतो. गर्दीतून मान खाली घालून चालणाऱ्या बापाचा हात ब्रुनो आपल्या हातात घेतो. मूळ इटालियन नावातील ‘चोर’ हा शब्द अनेकवचनी आहे. अमेरिकेत मात्र हा चित्रपट पुष्कळ काळ एकवचनी नावाने ओळखला गेला आणि त्यामुळे त्याचा अर्धा अर्थच हरवला. चोर एक नाही. परिस्थितीचा एक फेरा पुरा झाला की कालचा फिर्यादी आज आरोपी होतो. ‘चोरी करू नये’ किंवा ‘गरिबांवर दया करावी’ यांपैकी कोणतेही सुवचन या शेवटाला पुरे पडत नाही. वडिलांचा अपमान डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाने त्यांचा हात धरला, तो दयेने, प्रेमाने की त्या दिवसात तो स्वतःच मोठा झाला म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. लहान वयात घराची जबाबदारी अंगावर पडल्याने ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आणि पुढे कामधंदा सांभाळून ज्यांनी ते पुन्हा हाती घेतले, त्यांना ब्रुनोचा तो हात इतरांहून अधिक समजेल.

या एका चित्रपटाने भारतात किती मोठी उलथापालथ केली! 1950 साली लंडनमध्ये सत्यजित राय यांनी तो पाहिला आणि खऱ्या स्थळी, नामांकित नटांवाचून चित्रपट काढता येतो, हा त्यांचा विश्वास दृढ झाला. त्यातून 1955 साली ‘पथेर पांचाली’ आला. 1952 साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ निघाला. ‘पथेर पांचाली’तील एक क्षण येथे सांगितलाच पाहिजे. दुर्गावर शेजारणीची मण्यांची माळ चोरल्याचा आळ येतो, ती नाकारते. पुढे तापाने तिचा मृत्यू होतो. घर सोडून जाताना धाकट्या अपूला एका करवंटीत लपवलेली ती माळ सापडते. म्हणजे चोरी खरीच होती. अपू ती माळ तळ्यात फेकतो, शेवाळ क्षणभर दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. बहिणीची लाज पाण्याखाली कायमची झाकली जाते. सत्य उघड करणे श्रेष्ठ की झाकणे, याविषयी पाठ्यपुस्तकात मिळेल ते उत्तर घेऊन या तळ्याकाठी उभे राहता येत नाही.

शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) मात्र वेगळ्या जातीचा आहे. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर माळरानावर नेऊन केवळ विश्वासाच्या बळावर माणसांत आणणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा थोडी भाबडी, थोडी नाटकी वाटते. त्यात गाणी आहेत, मोठमोठे आविर्भाव आहेत. तरीही ती टाकाऊ ठरत नाही, कारण तिच्यामागे प्रत्यक्ष घडलेली गोष्ट आहे. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचा प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच झाला होता. त्याच माणदेशाच्या मातीतले ग. दि. माडगूळकर यांनी ही कथा लिहिली. म्हणजे येथे संदेश आधी जगला गेला आणि नंतर पडद्यावर आला. ‘मुक्त’ हा शब्द आपल्याकडे तुरुंगालाही लागतो आणि विद्यालयालाही, हा योगायोग गमतीचा खरा. पण भिंती काढून टाकून माणसावर भरवसा ठेवायचा, हा विचार दोहोंच्या मुळाशी आहेच.

आतापर्यंत उल्लेखिलेल्या चित्रपटांत प्रेक्षक पीडितांच्या बाजूने बसलेला असतो आणि ती बाजू सुखाची असते. ब्रुनोसाठी, दुर्गासाठी रडताना आपण कोणाचे काही वाईट केले आहे, असे त्याला वाटत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) हे सुख हिरावून घेतो. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातल्या शालूवर मनोमन प्रेम करतो, नवा सदरा आणि जीन्सची स्वप्ने पाहतो. पण गावाच्या लेखी त्याच्या घराण्याचे काम एकच, गावातली डुकरे धरणे. अखेर शाळेच्या जवळ, साऱ्या वर्गमित्रांदेखत, त्याला आईवडिलांबरोबर डुकरामागे धावावे लागते. गाव तमाशा पाहावा तसे जमून हसते. कोणी मोबाइलवर छायाचित्रे टिपतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. ते कुटुंब असेल तेथे ताठ उभे राहते आणि हाताशी आलेले डुक्कर निसटून जाते. नंतर डुक्कर खांद्यावरून नेले जाते, तेव्हा मागच्या भिंतीवर थोर समाजसुधारकांची रंगवलेली चित्रे दिसतात. कोणी काही बोलत नाही. बोलायचे ते भिंत बोलते.

शेवटी जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो आणि तो दगड थेट पडद्यातून प्रेक्षकाच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. ‘दगड आम्हांला का मारलास, आम्ही तर तुझ्या बाजूचे!’ असे म्हणण्याची सोय या शेवटाने ठेवलेली नाही, कारण डुकराच्या पाठलागात काही विनोदी क्षणांवर प्रेक्षकही हसलेला असतो. ‘श्वास’ची शिफारस मोकळ्या मनाने करणारी कित्येक मंडळी ‘फँड्री’चे नाव घेताना अडखळतात, तो मुलांना दाखवावा का, त्यात कटुता फार आहे, असे म्हणतात. पण जिच्यावर चित्रपट उभा आहे ती कटुता दिग्दर्शकाने गावात आणून टाकलेली नाही. ती तेथे होतीच. ज्या शिफारशींच्या यादीत केवळ डोळे ओले करणारे चित्रपट असतात आणि मान खाली घालायला लावणारा एकही नसतो, ती यादी सोयीची असते, प्रामाणिक नसते.

मग चित्रपट सुचवायचा तरी कसा? निदान त्याचे तात्पर्य आधी सांगून टाकू नये. तात्पर्य हाती आले की पाहणारा तेवढेच शोधत बसतो आणि चादरींची गाठोडी, शेवाळाचे मिटणे, भिंतीवरची चित्रे त्याच्या नजरेतून निसटतात. सांगायचेच तर कोठे लक्ष ठेवावे ते सांगावे. वर अनेक कथानकांचे शेवट सांगितले गेले आहेत, हे खरे. परंतु शेवट कळल्याने ज्याची गोडी संपते तो चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याच्या योग्यतेचा नसतोच. आजकाल यांतील बहुतेक चित्रपट घरबसल्या, फोनवरही पाहता येतात. उपशीर्षके असल्यामुळे बडोद्यातील वा इंदूरमधील मराठी मुलाला बंगाली, जपानी किंवा फारसी चित्रपट परका राहत नाही. मात्र ‘इकिरू’ मधूनमधून थांबवत, दुसरे काही करीत पाहू नये. संथपणा हा त्याचा दोष नाही. म्हातारा माणूस चालतो त्या गतीने तो चालतो.

लांबीला किंवा संथपणाला जो बिचकत असेल, त्याने माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ या 1997 सालच्या इराणी चित्रपटापासून आरंभ करावा. दीड तासाचा हा चित्रपट एका बुटांच्या जोडावर उभा आहे. तेहरानमधील गरीब घरातला अली आपल्या धाकट्या बहिणीचे, जहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतो. वडिलांकडे नव्या बुटांना पैसे नाहीत, म्हणून दोघे भावंडे ही गोष्ट लपवतात आणि अलीचेच बूट आळीपाळीने वापरतात. सकाळची शाळा सुटली की जहरा धावत येते, गल्लीच्या वळणावर बूट उतरवते, ते घालून अली दुपारच्या शाळेकडे धावतो. एके दिवशी जहराला आपले बूट दुसऱ्याच एका मुलीच्या पायांत दिसतात. ती भावाला घेऊन त्या मुलीच्या घरापर्यंत जाते. बूट परत मागायचे, एवढाच हेतू. तेवढ्यात त्या मुलीचे वडील दारात दिसतात. ते अंध असतात. अली आणि जहरा एकमेकांकडे पाहतात आणि काही न बोलता माघारी फिरतात. कोणी त्यांना शिकवलेले नसते, कोणी शाबासकी देत नाही.

पुढे शाळांच्या धावण्याच्या शर्यतीत तिसरे बक्षीस बुटांचा जोड आहे, असे अलीला समजते. तो बहिणीला वचन देतो, की मी तिसराच येईन. धावताना मात्र शेवटच्या क्षणी धक्काबुक्कीत त्याला काही कळेनासे होते आणि तो पहिला येतो. सारे त्याला उचलून धरतात, छायाचित्रे काढतात, आणि त्या जल्लोषात तो एकटाच खाली मान घालून रडत असतो. घरी आल्यावर तो आपले फाटके बूट काढतो आणि फोड आलेले पाय अंगणातल्या हौदात सोडतो. लालसर मासे हळूहळू त्या पायांभोवती जमू लागतात. त्याआधी एका दृश्यात वडिलांच्या सायकलीवर बुटांचे दोन नवे जोड दिसून गेलेले असतात. अलीला ते अजून ठाऊक नाही.